डाव्या गुडघ्याची माणसं

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि त्यातून एकामागून एक म्हातारे उतरू लागले, तेव्हाच भामाबाईंनी ओळखलं की उद्याची तारीख पुन्हा धोक्यात आली. त्यांनी खिडकीतून मोजले. अकरा. आयुष्य गेलं तरी संघ करून हिंडायची ह्यांची खोड जात नाही, असं म्हणून त्यांनी पाट्यावरचं वाटण भांड्यात काढलं आणि हात धुतले.

याआधी दोनदा असंच झालं होतं. एकदा दिवाळीच्या तोंडावर, एकदा जानेवारीत. ऑपरेशनला दवाखान्यात नाव घातलेलं, रक्त तपासून झालेलं, पिशवी भरून दाराशी ठेवलेली, आणि आदल्या दिवशी ही वरात हजर. भामाबाईंच्या नवऱ्याला, भाऊसाहेबांना भेटायचं, तीन-तीनदा चहा घ्यायचा, ऐंशी-एक्क्याऐंशी सालच्या फुटबॉलच्या मॅचा उकरून काढायच्या आणि जाता जाता डोळ्यांत पाणी आणून म्हणायचं, "भाऊ, त्या गुडघ्याला सुरी लावू नको बाबा." की झालं. जेवायला बसल्यावर भाऊसाहेब ताटाकडे बघत म्हणायचे, "बघू, जरा थंडी सरू दे." थंडी सरली होती. आता डॉ. बाबासाहेबांच्या जयंतीचं निमित्त पुढं येणार, हे भामाबाईंना लख्ख दिसत होतं.

आणि गुडघा तर पार कामातून गेला होता. भाऊसाहेब जिना आडवे होऊन उतरत. विहारात वंदनेला सगळे खाली बसले की हे मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून सांगितलं होतं, हाडावर हाड घासतंय, अजून वर्षभर असंच काढलंत तर घरातल्या घरात चाकाची खुर्ची लागेल. भामाबाईंनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून त्यांना एवढी एकच गोष्ट हवी होती. माणूस उद्या सकाळी दवाखान्यात पोचला पाहिजे.

"आई, आले ना सगळे?" दीपा मागच्या दारातून आत येत म्हणाली. ही त्यांची सून, नगरातल्या एका दवाखान्यात रक्तलघवी तपासायच्या खोलीत नोकरीला. डॉक्टर तिनंच गाठला होता, तारीखही तिनंच मिळवली होती. एरवी सासूसुनेचं भाजीत गूळ घालायचा की नाही एवढ्यावरूनही जुंपायची. पण ह्या गुडघ्यानं दोघींना एका बाजूला आणून उभं केलं होतं.

"आले. अकरा हायेत."

"यांना कोणी सांगितलं उद्याचं?"

भामाबाईंनी नुसतं बाहेरच्या खोलीकडे बघितलं. तिथं आप्पासाहेब, भाऊसाहेबांचे धाकटे भाऊ, कालच देवळाली प्रवऱ्याहून येऊन मुक्काम ठोकून होते. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना दोनच कामं उरली होती, मोबाईल आणि दादाची थोरवी. दीपानं कपाळाला हात लावला.

अंगणात लिंबाखाली सतरंजी आणि शेजाऱ्यांकडच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. मधल्या खुर्चीवर भाऊसाहेब भिंगारदिवे, इस्त्रीचा पांढरा सदरा, दाढी गुळगुळीत, आणि समोर हे सगळे. दुखणं-बिखणं काही चेहऱ्यावर नाही. माणसं जमली की त्यांचं वय वीस वर्षांनी उतरायचं, आणि खरं सांगायचं तर ते बघायला भामाबाईंनाही आवडायचं. राग यायचा तो नंतर.

"वहिनी, मटन आनलंय. शेळीचं न्हाई, बोकडाचं हाय, बघून घ्या," नबीलालनं पिशवी पुढं केली. हा या सगळ्या टोळीचा म्होरक्या. बहात्तर वर्षांचा, एसटीत कंडक्टर होता, निवृत्तीनंतरही बोलायला लागला की समोरच्याला जागा धरायला लावील असा आवाज. या घरी यायचं तर मटण स्वतःच्या हातानं आणायचं आणि भामाबाईंच्या हातचं खायचं, हा त्याचा चाळीस वर्षांचा रिवाज.

"नबीलालभाई, जेवा पोटभर. पन उद्याचं काई बोलू नका," भामाबाईंनी हळूच सांगितलं.

"मी कुठं काय बोलतो, वहिनी," नबीलाल म्हणाला आणि नजर चुकवून लिंबाकडे गेला.

चहा फिरला आणि कोपऱ्यातला गोल निघाला. तो निघणारच होता. एक्क्याऐंशी सालची फायनल, पुण्याहून आलेला फौजी संघ, शेवटची दोन मिनिटं, कॉर्नर. सगळे गोलासमोर डोकं लावायला दाटीवाटीनं उभे, आणि भाऊसाहेबांनी डाव्या पायानं मारलेला चेंडू कुणाच्याही डोक्याला न लागता हवेतून वळून थेट जाळ्यात.

"त्यो फौजी गोलकीपर चेंडूकडं न्हाई, आभाळाकडं बघत हुता," एकजण म्हणाला.

"मी झाडावर हुतो. फांदी मोडली, पडलो. पडता पडता गोल बघितला," दुसऱ्यानं सांगितलं. ही फांदी दर वर्षी थोडी उंच व्हायची.

त्या दिवसापासून नगरच्या फुटबॉलवाल्यांत एक चाल पडली होती. फायनलच्या आधी संघानं भाऊसाहेबांच्या घरी यायचं आणि त्यांच्या डाव्या गुडघ्याला हात लावून जायचं. स्वतः भाऊसाहेब खेळायचे थांबले, बाप झाले, आजोबा झाले, तरी पोरं येत राहिली. भामाबाईंनी तीन पिढ्यांतली पोरं या अंगणात वाकताना बघितली होती. एकदा तर फायनलचे दोन्ही संघ एकाच सकाळी आले होते आणि दारात रांगेवरून भांडले होते.

आजही म्हाताऱ्यांच्या बरोबर रिझवान आला होता. नबीलालचा नातू, पंचविशीचा, मुलांना खेळ शिकवायचा. त्याच्या संघाची गुरुवारी शेवगावला फायनल होती. तो पुढं झाला, भाऊसाहेबांसमोर उकिडवा बसला, डाव्या गुडघ्यावर तळहात ठेवला आणि तसाच बसून राहिला.

"सर, एक बोलू का?" तो म्हणाला. "लहान तोंडी मोठा घास होईल. पण उद्यानंतर हा गुडघा राहणार नाही. आत लोखंड असणार. मग आमच्या पोरांनी हात कशाला लावायचा?"

कुणीतरी नाक ओढलं. "तेच म्हनतो आमी," मागून आवाज आला. "ह्यो काय एकट्याचा गुडघा हाय व्हय? नगरचा हाय."

चहाचे कप गोळा करणारी दीपा जागच्या जागी थांबली.

"कुठला गुडघा?" तिनं विचारलं.

"हा," रिझवान म्हणाला. हात अजून डाव्यावरच होता.

"अहो, ऑपरेशन उजव्याचं आहे."

भामाबाई भाकरीचा हात तसाच घेऊन उंबऱ्याशी आल्या. त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. दिवाळीची वरात, जानेवारीची वरात, ती रडारड, सगळी डाव्यासाठी. घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं की ह्यांचा उजवा गुडघा गेलाय. पण या माणसांनी 'भाऊचा गुडघा' एवढंच ऐकलं आणि पुढं विचारायची गरजच वाटली नाही. त्यांच्या लेखी भाऊसाहेबांना गुडघा एकच होता.

"उजवा व्हय?" आप्पासाहेब म्हणाले. सख्खा भाऊ, पण त्यांच्याही चेहऱ्यावर नवलच होतं.

"मग आधी न्हाई का सांगायचं!" झाडावरून पडलेला म्हातारा मोकळा झाला. "उजवा तर उजवा. करा की बिनघोर. लोखंडाचा करा, पितळेचा करा."

सगळे हसायला लागले. दोन-चार जणांनी तर भाऊसाहेबांची पाठ थोपटली. नितीन, भामाबाईंचा मुलगा, इतका वेळ कुंपणाशी उभा होता. बायकोचं पटायचं आणि वडिलांच्या माणसांपुढं तोंड उघडायची हिंमत व्हायची नाही, असा तो गेले सहा महिने मधल्या मध्ये लोंबकळत होता. तोही आता पुढं होऊन म्हणाला, "चला, म्हणजे सगळ्यांचं एकमत झालं. उद्या सातला रिक्षा सांगितलीय."

भामाबाईंनी मात्र नवऱ्याकडे बघितलं. भाऊसाहेब हसत नव्हते. ते लिंबाच्या बुंध्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यावरून भामाबाईंना कळून चुकलं की ह्या माणसाला सगळं माहीत होतं. लोक डाव्यासाठी रडतात हे दोन्ही वेळा माहीत होतं आणि दोन्ही वेळा ह्यांनी मुद्दाम तोंड उघडलं नव्हतं.

"तुमाला म्हाईत हुतं ना," त्या म्हणाल्या. "ह्यांची चूक हुतीया ते."

भाऊसाहेब लोकांकडे वळले.

"उजवा गेला तरी चालतंय व्हय रे तुमाला?" आवाज साधाच होता, पण हसणं थांबलं. "कॉर्नर डाव्यानं मारला. मग मारताना मी उभा कशावर हुतो? हवेत? सगळं अंग ह्यानं तोललं. दर गोलाला ह्यानंच तोललं. चाळीस वर्षांत एका मानसानं ह्याला हात लावला न्हाई. आन् आज म्हनता, पितळेचा करा."

म्हातारे खाली बघायला लागले. झाडावाला पुटपुटला, "तसं न्हाई भाऊ."

"तसंच हाय. मी न्हाई जानार उद्या. सांगून ठेवतो."

दीपानं हातातले कप खाली ठेवले. नितीननं "पप्पा, अहो" एवढंच म्हटलं. इतका वेळ विरोधात असलेले अकरा जण आता ऑपरेशनच्या बाजूला आणि ज्याचं ऑपरेशन तोच पलीकडे, असा हा खेळ उलटा झाला होता. फक्त आप्पासाहेब चटकन दादाच्या बाजूला सरकले. त्यांना सवय होती.

"दादाचं मन न्हाई तर नका मागं लागू," ते म्हणाले. "त्यो मनाचा राजा हाय. मुंबईच्या एवढ्या मोठ्या कंपनीच्या संघात निवडला गेल्ता, नोकरी हुती, खोली मिळनार हुती. वहिनीचं पयलं बाळंतपन आलं म्हनून सगळं लाथाडून नगरला आला. त्या मानसाला तुमी काय शिकवता?"

झालं. आप्पासाहेब वाईट माणूस नव्हते, टोचायला म्हणून बोलले नव्हते. पण हे वाक्य भामाबाई चाळीस वर्षं ऐकत आल्या होत्या. सत्कारात ऐकलं, लग्नकार्यात ऐकलं, सासूबाईंच्या तोंडून तर उठता-बसता ऐकलं. माझा लेक मुंबईला मोठा झाला असता, हिच्यापायी माघारी आला. त्यांना त्याचा अभिमानही वाटायचा, कोणता नवरा एवढं करतो. आणि नवरा लंगडत मैदानावरून घरी आला की त्याच अभिमानाचं ओझं व्हायचं. हा माणूस कुठल्या कुठं गेला असता, असं त्या भाकऱ्या थापताना किती वेळा मनात म्हणाल्या असतील, त्याला सुमार नव्हता.

"आप्पा, गप," भाऊसाहेब म्हणाले.

"खोटं बोललो का मी?"

"तू न्हाई बोलला. मी बोललो. म्हंजे, न बोलून बोललो." त्यांनी सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला, पुन्हा घातला. "मी तिच्यासाठी न्हाई आलो. मुंबईत सरावाला ह्योच गुडघा फाटला. उजवा. आत काय तुटतं ते तुटलं. कंपनीनं चांगल्या दवाखान्यात ठेवलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. डॉक्टर म्हनले, सहा म्हयन्यांत पळशील. शेजारच्या खाटेवर एक जन हुता, त्याचा पाय पांढऱ्या कापडात गुंडाळून वर टांगलेला. मी सकाळपासनं त्याच्याकडं बघत हुतो. दुपारी जेवनाची ताटं आली, सगळी गडबड हुती. मी उठलो, सदरा घातला आन् लंगडत स्टँडवर गेलो. घाबरलो. दुसरं काई न्हाई. सुरीला घाबरून पळालो."

नितीन वडिलांकडे असा बघत होता की जणू आज पहिल्यांदा बघतोय.

"इथं आलो तर लोकांनी हार घातले. बायकोसाठी आला, मातीसाठी आला. मी म्हनलं, दोन दिवसांनी सांगू. मग चार दिवसांनी सांगू. नितीन झाला. मग कुनाला सांगायचं? पुढचे दोन सीझन पट्टा बांधून खेळलो, तेवढंच. जे खेळायचं हुतं ते त्या खाटेवर ऱ्हायलं."

भामाबाईंना प्रथम काय वाटलं असेल तर हलकं वाटलं. अगदी अंगातलं काहीतरी काढून घेतल्यासारखं. म्हणजे माझ्यामुळं नाही. चाळीस वर्षं जे उशाशी घेऊन झोपले ते माझं नव्हतंच. त्या उंबऱ्यावरच बसल्या. आणि बसल्यावर, मागून, राग आला.

"वहिनी," नबीलाल खाकरला. त्याचा नेहमीचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "आता निघालंच हाय तर माझं बी ऐका. त्या मुंबई-नगर गाडीवर मीच हुतो. ह्याला तिकीट म्या फाडलं. वर सदरा ह्याचा, खाली पायजमा दवाखान्याचा. मागं शिक्का हुता. मी काय म्हनलो न्हाई. नगर आलं तरी उठंना, रडत हुता. मी म्हनलं, सत्तावीस वर्षांचं पोरगं, घाबरून पळून आलं हे गावाला कळलं तर ह्यो परत मैदानावर पाऊल टाकायचा न्हाई. म्हनून स्टँडवर उतरल्या उतरल्या म्याच सांगितलं. वहिनीचे दिवस भरलेत, त्यापायी आलाय."

"तुमी?" भामाबाई म्हणाल्या.

"मला वाटलं, आठ दिवसांत इसरतील लोक. ह्ये असं वाढंल हे मला काय ठाव."

भाऊसाहेब त्याच्याकडे बघतच राहिले. "तुला म्हाईत हुतं? एवढी वर्षं?"

"तुझा पायजमा माझ्याच घरी धुतला रे बाबा. माझ्या आईनं त्याची पिशवी शिवली."

इतक्यात झाडावरून पडलेला म्हातारा पुढं सरकला. त्याला एकच शंका छळत होती. "पन भाऊ, कोपऱ्यातला गोल? त्यो तर खरा ना?"

"त्यो खरा."

"मग झालं," तो म्हणाला आणि समाधानानं मागं टेकून बसला. बाकीच्यांनीही माना हलवल्या. मुंबईचं त्यांना कधी काही नव्हतंच. त्यांनी जे बघितलं होतं ते शाबूत होतं. रिझवाननं तर भाऊसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "सर, माझी पोरं पेनल्टी मारायच्या आधी उलट्या करतात. त्यांना हे ऐकवायला पाहिजे." भाऊसाहेबांना हसू आलं, ते लपवायला त्यांनी रुमाल काढला.

हसू आलं नाही ते एकट्या भामाबाईंना. त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि अंगणात मधोमध आल्या. इतक्या माणसांत त्या कधी मधे आल्या नव्हत्या. दीपा त्यांच्या मागं येऊन उभी राहिली.

"तुमी घाबरला, त्याचं मला काई न्हाई," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मानूस घाबरतो. मला तवाच सांगितलं असतं तर मी हात धरून परत न्हेलं असतं, पोटुशी हुते तरी. पन तुमचं भ्या तुमी माझ्या नावावर खपवलं. सासूबाई गेल्या त्या मनात तेच धरून गेल्या, हिच्यापायी लेकाचं वाटुळं झालं. मी त्यांचे पाय दाबत हुते आन् त्या त्वांड फिरवून झोपायच्या. तुमाला दिसत हुतं."

"दिसत हुतं," भाऊसाहेब म्हणाले.

"आप्पाभावजी तर आजबी बोलले."

आप्पासाहेबांनी मान वर केली नाही. "चुकलो, वहिनी," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून भामाबाईंनी या घरात आल्यापासून ऐकला नव्हता.

"मी काय मागायला आले न्हाई. एवढंच म्हनते. चाळीस वर्षं सारं नगर म्हनतंय की तुमी माझ्यासाठी आला. तवा न्हाई आला, तर उद्या चला. खरंच माझ्यासाठी चला. मला म्हातारपनी तुमाला खुर्चीत ढकलत न्यायचं न्हाई. मला तुमच्या बरुबर चालायचंय."

आत रस्सा उकळून झाकण वाजायला लागलं होतं. दीपा पळत जाऊन गॅस बारीक करून आली आणि येऊन पुन्हा त्याच जागी उभी राहिली.

"तू आत येशील?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"ऑपरेशनच्या खोलीत कुणाला सोडत नाहीत, पप्पा," दीपा म्हणाली.

"दारापत्तोर येते," भामाबाई म्हणाल्या.

"मी बी येतो," नबीलाल म्हणाला.

"यायचंच तुमी. एकदा तुमी तिकीट फाडून दिलंय ह्यांना. आता दारात खुर्ची टाकून तुमीच बसायचं. जेवनाची ताटं आली की जास्त ध्यान ठेवायचं."

म्हातारे हसले, आणि या खेपेला नबीलालही हसला, डोळे पुसत. नितीननं खिशातून मोबाईल काढून रिक्षावाल्याला सातचंच पुन्हा पक्कं सांगितलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

भाऊसाहेबांनी खुर्चीचे हात धरले, उजव्यावर भार येऊ न देता हळूहळू उभे राहिले. बायकोपाशी आले. एवढ्या सगळ्यांसमोर, ज्यांनी त्यांच्यासाठी फांद्या मोडल्या होत्या त्यांच्यासमोर, ते म्हणाले,

"भामा, मला अजून भ्या वाटतंय."

"वाटू द्या," भामाबाई म्हणाल्या. "मलाबी वाटतंय. सातला निघायचं."